नर्मदा-परिक्रमेचा पहिला दिवस

नर्मदेच्या परिक्रमेविषयीं बोलणें निघालें म्हणजे ऐकणारा बहुधा दोन गोष्टी विचारतो. एक, शूलपाणीच्या झाडींत परिक्रमावासीयांस लुटीत असत तें खरें काय. आणि दुसरी, समुद्राशीं खाडी नावेनें उतरतांना भीति वाटते काय. दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. परंतु झाडी ओंकारेश्वराहून कित्येक दिवसांच्या वाटेवर आहे, आणि खाडी त्याहूनहि पुढें. शिवाय झाडींतील जुन्या वाटेचा पुष्कळसा भाग आतां सरदार सरोवराच्या पाण्याखालीं गेला आहे; १३८.६८ मीटर उंचीचें तें धरण २०१७ सालीं राष्ट्रास अर्पण झालें. जो कोणी तेथवर पोंचतो त्याचे पाय तोंपर्यंत घट्टे पडून कठीण झालेले असतात आणि मनहि बरेंचसें निवळलेलें असतें. ज्याविषयीं कोणीच विचारीत नाहीं तो पहिला दिवस. त्या दिवशीं चाल असते उणीपुरी चार कोसांची. वाटेंत श्वापद नाहीं, चोर नाहीं. आणि तरीहि संसार करून साठीला आलेल्या माणसाला तो दिवस जितका जड जातो तितके पुढचे दिवस क्वचितच जात असतील.

परिक्रमेची रीत ज्यांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं ती थोडक्यांत सांगितली पाहिजे. देवळांतील मूर्तीला प्रदक्षिणा घालावी तशी येथें सबंध नदीला प्रदक्षिणा घालावयाची असते. नर्मदा अमरकंटकाला उगम पावून सुमारें १३१२ किलोमीटर वाहते आणि भडोचच्या खालीं खंबायतच्या आखाताला मिळते. दोन्ही तीर धरले म्हणजे चालण्याची वाट अडीच हजार किलोमीटरांच्या वर जाते. नदी सदैव उजव्या हाताला ठेवावयाची. एकदां संकल्प सोडला कीं मुख्य प्रवाह ओलांडावयाचा नाहीं. उपनद्या आणि नाले ओलांडण्यास हरकत नाहीं. उगमाशीं वळसा घालावयाचा, आणि मुखाशीं दक्षिण तीरावरून नावेनें खाडी उतरून उत्तर तीराला लागावयाचें. चातुर्मासांत एका जागीं मुक्काम. जुन्या हिशेबानें हें सारें ३ वर्षें, ३ महिने आणि १३ दिवसांत पुरें करावयाचें. हल्लीं पांच-सहा महिन्यांत तें उरकणारे पुष्कळ आहेत. मोटारींतून दोन-तीन आठवड्यांत फेरी करणारेहि आहेत. त्यांचा विषय निराळा.

याखेरीज आणखी एक नियम आहे. संग्रह करावयाचा नाहीं. उद्यांचें अन्न आज झोळींत ठेवावयाचें नाहीं. तीरावरचे लोक कोरडा शिधा देतील त्यावर, ज्याला तिकडे सदाव्रत म्हणतात, किंवा शिजलेलें देतील त्यावर राहावयाचें. आणि कोणीं आपण होऊन दिलें नाहीं तर चार-पांच घरें मागावयाचीं. कागदावर हा नियम सर्वांत सोपा दिसतो.

आतां कल्पनेनें असा एक गृहस्थ डोळ्यांपुढें आणावा. सातारा जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवीं टपाल कचेरींत छत्तीस वर्षें चाकरी करून निवृत्त झालेला, वय एकसष्ट, पत्नी वारून दोन वर्षें झालेलीं, एकुलती मुलगी सासरीं. असे गृहस्थ दरसाल कार्तिकी एकादशी झाली कीं महाराष्ट्रांतून नर्मदेकडे जातात, आणि त्यांत एकटे निघणारेहि थोडे नसतात. त्यामुळें याचें नांव सांगण्याची जरूर नाहीं. मराठी माणसाला ही नदी परकी वाटत नाहीं. तिचा दक्षिण तीर कांहीं अंतर आपल्याच नंदुरबार जिल्ह्यांतून जातो. माणगांवचे वासुदेवानंद सरस्वती, ज्यांना लोक टेंबे स्वामी म्हणतात, ते १९१४ सालीं हिच्याच कांठीं गरुडेश्वरीं समाधिस्थ झाले. गो. नी. दांडेकरांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' याच वाटेवरची. आपल्या गृहस्थानें ती तीन वेळां वाचली होती.

त्याचा स्वभाव सांगितल्यावांचून पुढचें नीट कळणार नाहीं. त्यानें आयुष्यांत कोणाचा पैसा बुडविला नाहीं, आणि कोणाचा घेतलाहि नाहीं. टपाल कचेरीच्या खिडकींत बसणाऱ्याची संवय त्याच्या हाडांत मुरली होती: इकडून घेतलें कीं तिकडून पावती. मुलीच्या सासरीं गेला तर जुन्या चालीप्रमाणें पाण्याचा घोट घेईना. शेजाऱ्याकडून वाटीभर साखर आली तर ती वाटी संध्याकाळच्या आंत भरून परत जाई. देण्यांत मात्र त्याचा हात आखडता नव्हता. आषाढांत दिंड्या गांवावरून जात तेव्हां तो दरसाल रस्त्यावर उभा राहून वारकऱ्यांस केळीं वाटी, आणि केळीं संपलीं तर धांवत जाऊन आणखी आणी. घेणें त्याला येत नव्हतें. आणि येत नाहीं हें त्याच्या लक्षांतहि आलेलें नव्हतें, कारण तशी वेळच आलेली नव्हती.

ओंकारेश्वराचें ज्योतिर्लिंग नदीच्या मधोमध असलेल्या मांधाता बेटावर आहे. बेटावर जाणें म्हणजे प्रवाह ओलांडणें. म्हणून तें दर्शन संकल्पाच्या आधींच उरकावें लागतें. त्यानें तें आदल्या दिवशीं घेतलें आणि पुलावरून दक्षिण तीरावर परत आला. येतांना तो मुद्दाम सावकाश चालला. आतां परिक्रमा पुरी होईपर्यंत हा पूल त्याला बंद होता.

सकाळीं क्षौर झालें, घाटावर स्नान झालें. पुरोहितानें संकल्प सांगितला आणि एका लहानशा बाटलींत नर्मदेचें पाणी भरून हातीं दिलें; ती बाटली हीच आतां पूजेची देवता, तिला रोज फूल वाहावयाचें. कुमारिकापूजन झालें. कढई झाली, म्हणजे शिरा करून त्याचा प्रसाद वाटला. परिक्रमावासी असल्याचा कागद मिळाला. त्यावर वाटेंतल्या ठिकठिकाणचे शिक्के घ्यावयाचे असतात. शिक्के पाहून टपालखात्यांतल्या माणसाला साहजिकच बरें वाटलें. सर्वांस दक्षिणा देऊन झाली, खर्च वहींत उतरला, आणि साडेदहाच्या सुमारास 'नर्मदे हर' म्हणून तो निघाला. येथपर्यंत सारें त्याच्या ओळखीचें होतें. पैसे मोजून दिले होते आणि त्याबद्दल कांहींतरी मिळालें होतें.

पाठीवर ओझें होतें बारा किलोंचें. घरीं कांट्यावर ठेवून त्यानें तें मोजलें होतें आणि महिनाभर तें पाठीवर घेऊन अंगणांत फेऱ्या घातल्या होत्या. घोंगडी, ताडपत्रीचा तुकडा, दोन धोतरें, दोन सदरे, स्वेटर, तांब्या, ताटली, पातेलें, औषधांचा डबा, विजेरी, मोबाइल, हिशेबाची वही. यांतून काय काढून टाकावें असें कोणी विचारलें असतें तर त्याला सांगतां आलें नसतें. पण या सर्वांच्या खालीं आणखी एक पिशवी होती: दोन किलो सातूचें पीठ, गूळ, चहाची पूड, साखर, आणि मुलीनें करून दिलेले शेंगदाण्याचे लाडू. बंडीच्या आंतल्या खिशांत वीस हजार रुपये होते ते निराळेच. म्हणजे संग्रह करूं नये हा नियम त्यानें वाचला होता, मान्य केला होता, आणि पाठीवर आठ दिवसांची तरतूद घेतली होती. यांत ढोंग मुळींच नव्हतें. शिकलेला माणूस नियमाला चटकन होकार देतो. तो होकार पोटापर्यंत उतरावयाला अवकाश लागतो, एवढेंच.

ओंकारेश्वराहून मोरटक्का सडकेनें बारा किलोमीटर आहे. मोटारीचें तें वीस-पंचवीस मिनिटांचें काम. सडकेनें जाणारेहि परिक्रमावासी असतात. यानें तीर धरला. आणि तीर म्हणजे घाटाच्याच पायऱ्या पुढें लांबविलेल्या, अशी जी एक समजूत घरबसल्या झालेली असते ती पहिल्या तासांतच गेली. नदीला मिळणारा प्रत्येक नाला मातींत खोल कापीत आलेला असतो. कडेवर उभें राहून पाहावें तों पलीकडची वाट हांकेच्या अंतरावर दिसते. पण उतरावयाला जागा शोधीत बरेंच आंत जावें लागतें, तळाच्या चिखलांतून पलीकडची चढण चढावी लागते, आणि तेवढेंच चालून पुन्हां नदीकडे यावें लागतें. कांठच्या वाटेचे किलोमीटर सडकेच्या किलोमीटरांशीं जुळत नाहींत ते यामुळें.

निमाडांत हे दिवस कापूस वेंचण्याचे. बायका ओटींत कापूस भरीत ओळीओळीनें पुढें सरकत होत्या. कोठें गव्हाची पेरणी चालली होती, कोठें मिरची लाल होत आली होती. पाऊलवाट एखाद्या शेताच्या बांधाशीं येऊन बाभळीच्या कांट्यांच्या कुंपणांत नाहींशी होई, आणि वळसा घालून गेलें म्हणजे पलीकडे पुन्हां सांपडे. उजवीकडे नदी कधीं झाडांतून चमके, कधीं दोन-दोन फर्लांग दिसेनाशी होई. ती दिसेनाशी झाली कीं नवखा माणूस घाबरा होऊन पावलें उचलतो. हाहि तसाच वेगानें चालला. दुपारचें ऊन चांगलेंच तापलें. थंडीचे दिवस म्हणून त्यानें स्वेटर घेतला होता. निमाडांत थंडी असते, पण ती रात्रीं.

पायांविषयीं येथें दोन शब्द सांगण्यासारखे आहेत, कारण पायीं प्रवास करणाऱ्या कोणाच्याहि ते उपयोगीं पडतील. फोड कांहीं एकाएकीं येत नाहीं. घामानें कातडी मऊ पडते, बुटाच्या आंत ती एकाच जागीं घांसली जाते, वरचा पापुद्रा खालच्यापासून सुटतो आणि त्या पोकळींत पाणी भरतें. त्यापूर्वीं ती जागा गरम लागूं लागते. ही कातडीनें दिलेली सूचना असते. त्याच क्षणीं थांबून, पाय उघडे करून, वाळवून, मोजा बदलून निघालें तर बहुधा निभावतें. चालण्यांत मुरलेले लोक या थांबण्याचा कंटाळा करीत नाहींत. आपल्या गृहस्थाला डाव्या टांचेची सूचना साडेबारालाच मिळाली होती. मुक्काम गांठून मग पाहूं, असें त्यानें ठरविलें. बूटहि नवे होते.

दोन वाजण्याच्या सुमारास एका वस्तीवरून जातांना ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनें हांक दिली, "नर्मदे हर, बाबाजी! आओ, चाय पी लो."

त्यानें मागें वळून पाहिलें. मागें कोणी नव्हतें. बाबाजी तो आपणच, हें लक्षांत यावयाला त्याला क्षणभर लागला. बाईनें ओट्यावर पोतें अंथरलें, नातवाकडून पाण्याचा तांब्या आणविला, आणि चहाबरोबर दोन पोळ्या व मिरचीची चटणी आणून ठेवली. भूक सपाटून लागलेली होती. त्यानें तें सारें खाल्लें. मग उठतांना संवयीप्रमाणें हात खिशाकडे गेला आणि पन्नासाची नोट बाहेर आली.

बाई दोन पावलें मागें सरली. तिनें दोन्ही हात पदराआड नेले. "नहीं बाबाजी. यह तो मैया का है."

तिला संकोच वाटत असावा असें समजून त्यानें नोट ओट्यावर ठेवली आणि पिशवी उचलली. तेव्हां त्या दहा वर्षांच्या नातवानें ती नोट उचलून, मोठ्या गंभीरपणानें, त्याच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यांत परत खोंचली. आणि बाई पुढें येऊन त्याच्या पायां पडली. ती त्याच्याहून दहा वर्षांनीं तरी मोठी असेल. त्यानें पाय मागें घेतले. तोंडाला आलेले शब्द मराठी होते, ते तिला कळले नाहींत. 'नर्मदे हर' एवढें म्हणून तो चालूं लागला. वारकऱ्यांना तो केळीं वाटी तेव्हां एखाद्या वारकऱ्यानें केळ्याचे पैसे पुढें केले असते तर आपल्याला काय वाटलें असतें, हा विचार त्याला त्या ओट्यावर सुचला नाहीं. तो सुचावयाला पुढचे तीन तास जावे लागले.

हें तीरावरचें देणें कोठून आलें, असा प्रश्न कोणी विचारील. नदीकांठीं राजेरजवाड्यांनीं अन्नाची आणि निवाऱ्याची सोय केली हें खरें. पुढें याच दक्षिण तीरावरून चालतांना पलीकडे महेश्वर दिसतें, तेथून १७६७ ते १७९५ पर्यंत कारभार पाहणाऱ्या अहिल्याबाईंनीं देशभर बांधलेले घाट आणि धर्मशाळा सर्वांस ठाऊक आहेत. हल्लींहि तीरावर आश्रम आहेत आणि त्यांना देणग्या येतात. परंतु राज्यें गेलीं तरी परिक्रमा चालूं राहिली, ती ओट्यावरच्या अशा दोन पोळ्यांवर. देणाऱ्याच्या समजुतींत तो कोणा परक्याला कांहीं देत नसतो. नदीच्या माणसाला नदीचेंच पोंचवीत असतो. म्हणून पैसे पुढें केले तर त्याला राग येत नाहीं, तो केवळ गोंधळतो. टपालवाल्याला हें सर्वांत आधीं कळावयास हवें होतें. मनीऑर्डर पोंचविणाऱ्याला कोणी ती रक्कम देऊं करीत नाहीं.

मोरटक्क्याला पोंचेतों साडेचार झाले. येथें इंदूर-खंडवा सडक नदी ओलांडून जाते. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकांत लोहमार्गहि येथूनच पलीकडे नेला. त्या लोहमार्गासाठीं इंदूरच्या दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनीं इंग्रज सरकारास एक कोट रुपये कर्जाऊ दिले होते. संस्थानिकानें सार्वभौम सरकारला कर्ज द्यावें ही गोष्ट इतिहास शिकवितांना मुलांना सांगण्यासारखी आहे. पलीकडच्या तीरावर खेडीघाटाचीं देवळें दिसतात आणि त्यापुढें बडवाह. सडकेच्या पुलावरून मोटार दोन-तीन मिनिटांत पार होते. आपल्या गृहस्थाला त्या समोरच्या घाटावर पोंचावयाला, सारें सुरळीत झालें तर, वैशाख उजाडणार होता.

तो सडकेच्या कडेला एका निंबाखालीं बसला आणि त्यानें बूट काढले. डाव्या टांचेवर रुपयाएवढा फोड, उजव्या पायाच्या करंगळीला दुसरा. समोर एक बस येऊन उभी राहिली आणि "खंडवा, खंडवा" असा पुकारा झाला. खंडव्याहून भुसावळची गाडी मिळते; रात्रीं निघालें तर उद्यां संध्याकाळच्या आंत घर. बस चार-पांच मिनिटें उभी होती. तेवढ्या वेळांत त्यानें भाड्याचा हिशेब मनांतल्या मनांत दोनदां केला. तो उठला नाहीं, तो श्रद्धेमुळें, असें सांगितलें तर चांगलें दिसेल. परंतु खरें कारण कांहीं अंशीं शेजारी होते. निघतांना त्यांनीं शाल-नारळ देऊन निरोप दिला होता, आणि निरोप घेतल्यावर तिसऱ्या दिवशीं कुलूप उघडतांना दिसणें ही गोष्ट फोडांपेक्षां अवघड होती. व्रतें टिकतात तीं पुष्कळदां अशा कारणांनींहि टिकतात. त्यांत उणेपणा मानावयाचें कारण नाहीं. बस गेली. त्यानें फोडांवर पट्टी बांधली, बूट पिशवीला अडकविले आणि अनवाणी निघाला.

मोरटक्क्याच्या थोडें पुढें, तीरावर, एक लहान देऊळ आणि त्याला लागून ओवरी होती. ओवरींत सत्तरीचा एक साधु पाय पुढें पसरून बसला होता; त्याचा एक घोटा सुजला होता. त्यानें जागा दाखवून "आसन लगा लो" म्हटलें, आणि कोठले म्हणून विचारलें. महाराष्ट्र म्हणतांच तो म्हणाला, "तो बाजीराव की समाधि पर माथा टेकोगे. दो-तीन दिन आगे, रावेरखेड़ी. रास्ते पर ही है." थोरले बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजीं तेथें वारले. ज्या पुरुषानें ही नदी फौजेसह कितीतरी वेळां ओलांडली तो तिच्या दक्षिण तीरावर राहिला, आणि ती न ओलांडण्याचें व्रत घेतलेले लोक आज त्याच्या समाधीवरून पायीं जातात.

देवळांत सदाव्रत देणारे शेतकरी त्या दिवशीं लग्नाला परगांवीं गेले होते. साधु म्हणाला, "चूल्हा मैं जलाता हूँ. मेरा पाँव आज नहीं चलता. भिक्षा तुम ले आओ."

गृहस्थानें घाईघाईनें पिशवी उघडली. सातूचें पीठ, गूळ, लाडू, सारें त्यानें साधूपुढें मांडलें. दोघांना दोन दिवस पुरलें असतें. साधूनें त्या डब्यांकडे पाहिलें. हंसला नाहीं, रागावलाहि नाहीं. "यह तो घर का है," एवढें बोलला, "सबेरे बच्चों में बाँट देना," आणि वाकून शेणी फोडूं लागला.

झोळी घेऊन तो गांवाच्या वाटेला लागला तेव्हां दिवेलागण झाली होती. तेवढ्यांत खिशांतला मोबाइल वाजला. मुलगी बोलत होती.

"बाबा, पोंचलांत का मुक्कामाला? पाय कसे आहेत?"

"ठीक आहेत."

"आणि जेवण?"

"आणायलाच निघालोंय."

"लांब जावं लागतं का हो? पैसे आहेत ना सुटे?"

"आहेत," तो म्हणाला.

पहिल्या घरासमोर उभा राहून त्यानें 'नर्मदे हर' म्हटलें तें इतकें हळू कीं आंतून फक्त कुत्रें भुंकलें. तो पुढें गेला. दुसरें दार बंद होतें. तें बंद असल्याचें त्याला बरें वाटलें. तिसरें घर पत्र्याचें, एका खणाचें. येथें मागावें असें तें घरच नव्हतें. तो तसाच पुढें जावयाचा. पण अनवाणी पायाला खडा लागून तो थबकला, आणि तेवढ्यांत दारांतून एक बारा-तेरा वर्षांची मुलगी डोकावली. तिनें झोळी पाहिली. "नर्मदे हर, बाबाजी," म्हणून ती आंत गेली आणि ओंजळभर पीठ घेऊन आली.

झोळीचें तोंड त्यानें मुठींत धरलेलें होतें. मुलगी ओंजळ पुढें करून उभी राहिली. पीठ बोटांच्या फटींतून थोडें थोडें गळत होतें. छत्तीस वर्षांत त्याच्या खिडकीशीं हजारों लोकांनीं हात पुढें केले असतील. त्यांतलीं म्हातारीं माणसें पेन्शन घेतांना खालीं कां पाहतात, याचें त्याला कधीं नवल वाटलें नव्हतें. त्यानें मूठ सोडली. पीठ झोळींत पडलें.

"दाल भी चाहिए, बाबाजी?"

नको म्हणणें अगदीं सोपें होतें. शिष्टाचारालाहि तें धरून झालें असतें. ओवरींत सुजल्या पायाचा म्हातारा चूल पेटवून बसला होता. "चाहिए," तो म्हणाला.

ती पुन्हां आंत गेली. डब्याच्या तळाशीं वाटी घांसल्याचा आवाज त्याला बाहेर ऐकूं आला. त्याचा हात खिशाकडे गेला. दुपारची पन्नासाची नोट आतां तेथें होती. मग तो हात परत आला आणि त्यानें झोळीचें तोंड नीट उघडून धरलें.

साधूनें टिक्कड भाजले. डाळींत तिखट जरा जास्त झालें. दोघेहि फारसें बोलले नाहींत. जेवण झाल्यावर मूठभर पीठ उरलें तें गृहस्थ फडक्यांत बांधूं लागला. साधूनें तें फडकें त्याच्या हातांतून काढून घेतलें, सोडलें, आणि नदीकडे बोट केलें. तो लंगडत पायऱ्या उतरून गेला. पीठ पाण्यावर पडतांच अंधारांत मासे वर येऊन त्याला तोंडें लावूं लागल्याचा बारीक आवाज झाला. मागें पुलावरून मालमोटारी पलीकडे जात होत्या. खेडीघाटाचे दिवे पाण्यांत लांब होऊन हलत होते.

वर आल्यावर विजेरीच्या उजेडांत त्यानें वही काढली आणि तारीख घातली. खर्चाच्या बाजूला सकाळची दक्षिणा होती, त्यानंतर कांहीं नव्हतें. जमेच्या बाजूला त्यानें लिहिलें: चहा, पोळ्या दोन, पीठ, ओंजळभर, डाळ, अर्धी वाटी. कोणाकडून, हा रकाना भरावयाचा राहिला. ना म्हातारीचें नांव त्यानें विचारलें होतें, ना मुलीचें. लेखणी हातांत धरून तो कांहीं वेळ बसला. साधु केव्हांच घोरूं लागला होता. मग त्यानें रकाना तसाच कोरा ठेवला, बाटली उशाशीं नीट उभी केली, स्वेटर अंगांत चढविला आणि विजेरी मालविली.